शितावरून भाताची परीक्षा : हृदयस्नायूचा दाह आणि सूक्ष्मदर्शक



साहित्याच्या व्यासपीठावर वैद्यकाच्या इतिहासातला विषय घेतला याचे काहींना नवल वाटेल. पण आज जी हकीकत सांगायची आहे, ती मुळात एका शब्दाची आहे, आणि शब्दाचा अर्थ कुणी, कशाच्या आधारे ठरवायचा हा प्रश्न या व्यासपीठाला परका नाही. तो शब्द आहे ‘मायोकार्डायटिस’. कोविडच्या साथीत तो मराठी वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला. त्यातले ‘मायो’ म्हणजे स्नायू, ‘कार्डिया’ म्हणजे हृदय आणि ‘आयटिस’ म्हणजे दाह. हृदयस्नायूचा दाह. धडधाकट तरुणाला ताप येतो, चार दिवसांत धाप लागते, ठोके चुकू लागतात. कधी दोन आठवड्यांत सारे पूर्ववत होते, तर कधी माणूस हातचा जातो. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासाव्या तर त्या मोकळ्या सापडतात. मग बिघडले काय? त्याचे उत्तर गेली सव्वाशे वर्षे वैद्यक सूक्ष्मदर्शकाला विचारीत आले आहे. ते उत्तर कसे मिळत गेले, किती वेळा फिरले आणि आज त्यावर कितपत विसंबावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा आवाका.

शब्द आधी, पुरावा मागाहून

दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सांगितली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटाला नखुरडे झाले म्हणजे ही चारही आपल्याला स्वतःच्या हातावर पाहता येतात. हृदयाचे तसे नाही. ते बरगड्यांच्या आड असते. त्याची लाली दिसत नाही, त्याची उष्णता हाताला लागत नाही. म्हणून ‘हृदयाचा दाह’ हे शब्द प्रथम आले ते अनुमान म्हणून. नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिसार यांनी १८०६ साली हृदयरोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ‘कार्डायटिस’ आहे. ‘मायोकार्डायटिस’ हे नाव जर्मन वैद्य सोबर्नहाइम यांनी १८३७ साली दिले असे मानतात. त्या काळी पुरावा एकच : शवविच्छेदनात हाती आलेले हृदय. ते मऊ, फिकट, डागाळलेले दिसले की दाह झाला होता असे म्हणत. पण मऊपणा मृत्यूनंतरच्या कुजण्यानेही येतो आणि डाग रक्तपुरवठा तुटल्यानेही पडतात. नुसत्या डोळ्याला हा फरक कळत नव्हता.

पुढे दोन घटनांनी पाया घातला. १८५८ साली रुडोल्फ व्हिर्शो यांनी बर्लिनमध्ये वीस व्याख्याने दिली आणि ती त्याच वर्षी ‘सेल्युलार-पाथोलॉजी’ या नावाने छापली गेली. व्याख्यानमाला छापून काय होते असे कुणी विचारले, तर या पुस्तकाकडे बोट दाखवावे. रोग शरीरभर वाहणाऱ्या द्रवांत नसून पेशीत असतो, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे दाह म्हणजे पेशींचे आतून सुजणे, बिघडणे, असे ते मानीत. त्यांचेच साहाय्यक राहिलेले युलिउस कोनहाइम यांनी १८६७ साली जिवंत बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा भिंगाखाली ताणून धरला आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर सरकताना पाहिल्या. त्यांच्या लेखी दाह म्हणजे रक्तातून आलेल्या या पेशींचा शिरकाव.

या दोन मतांवर थोडे थांबायला हवे, कारण पुढचा सगळा वाद यांच्यातच दडलेला आहे. एकाच्या मते घरातली मोडतोड हाच दाह, दुसऱ्याच्या मते बाहेरून आलेली गर्दी हा दाह. हृदयस्नायूच्या बाबतीत मोडतोड असली पण गर्दी नसली तर काय म्हणायचे? गर्दी आहे पण मोडतोड नाही, तर काय म्हणायचे? या प्रश्नांना पक्के उत्तर मिळायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

मेण, पाते आणि दोन रंग

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते हे समजायचे, तर तुकडा तिथवर कसा पोचतो हे आधी पाहावे. ताजे मांस भिंगाखाली ठेवले तर एक धूसर लगदा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युक्त्या जमत गेल्या. ऊतक कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे. ही रीत फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये सुचवली. मग त्यातले पाणी काढून त्या जागी वितळलेले मेण मुरवायचे आणि गार झाल्यावर त्या मेणाच्या वडीचे यंत्राच्या पात्याने काप काढायचे. हे काप चार-पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतात. ते काचपट्टीवर पसरून दोन रंगांत बुडवायचे. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो. तो पेशींची केंद्रके निळी-जांभळी करतो. इओसिन हा कृत्रिम रंग बाकीचे सारे गुलाबी करतो. आज बेळगाव, इंदूर किंवा हैदराबादच्या कोणत्याही प्रयोगशाळेत बायॉप्सी दिली, तर तिच्यावर पहिला संस्कार याच दोन रंगांचा होतो.

या रंगांत निरोगी हृदयस्नायू फार देखणा दिसतो. गुलाबी तंतू एकमेकांना फाटे देत पसरलेले, त्यांवर बारीक आडव्या रेघा आणि प्रत्येक पेशीच्या मधोमध एक फिकट निळे केंद्रक. दाह असला की तंतूंच्या मधल्या फटींत गडद निळे ठिपके दाटी करतात. या लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी. त्यांत केंद्रकच जवळजवळ सर्व जागा व्यापते, म्हणून त्या शाईच्या थेंबांसारख्या दिसतात. जिथे त्या तंतूला चिकटल्या, तिथे तंतूची कड कुरतडल्यासारखी होते, रेघा पुसट होतात आणि शेवटी तंतू विरून जातो. हे एकदा पाहिले की विसरत नाही. पण इतके स्वच्छ चित्र क्वचितच मिळते, आणि इतिहासातला गुंता तिथूनच सुरू होतो.

लाइपझिग आणि मारबुर्ग

१८९१ साली लाइपझिग येथे एर्न्स्ट रोमबेर्ग यांनी विषमज्वर, स्कार्लेट फीवर आणि घटसर्प यांनी दगावलेल्यांची हृदये भिंगाखाली तपासली आणि तंतूंमध्ये पांढऱ्या पेशींचे पुंजके दाखवले. रोमबेर्ग आणि त्यांचे सहकारी क्रेल यांच्यामुळे एक मत बळावले की, थकत जाणाऱ्या बहुतेक हृदयांच्या मुळाशी असा लपलेला दाहच असावा. १८९९ साली ड्रेस्डेनचे आल्फ्रेड फीडलर यांनी आणखी एक नमुना मांडला. घटसर्प नाही, विषमज्वर नाही, दुसरा कोणताही रोग सापडत नाही, आणि तरीही हृदयस्नायूत तीव्र दाह. आज ज्याला आपण विषाणुजन्य म्हणू, त्यातले पुष्कळ रुग्ण त्या वेळी ‘फीडलरचा मायोकार्डायटिस’ या नावाखाली जात.

याच सुमारास मारबुर्ग येथे लुडविग आशोफ हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९०४ मध्ये त्यांनी ऱ्हुमॅटिक तापाने गेलेल्यांच्या हृदयात, लहान रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला, एक विशिष्ट प्रकारची गाठ दाखवली. हा ताप म्हणजे लहानपणी घसा धरून मग सांधे सुजवणारा आणि पुढे हृदयाची झडप आवळणारा विकार. भारतात त्याने घरेच्या घरे पाहिली आहेत. या गाठींतल्या काही पेशींचे वर्णन पुढे रशियन शास्त्रज्ञ अनिच्कोव यांच्या नावाने रूढ झाले. त्या पेशीच्या केंद्रकातले द्रव्य उभे पाहिले तर सुरवंटासारखे आणि आडवे कापले तर घुबडाच्या डोळ्यासारखे दिसते. आशोफच्या गाठीचे महत्त्व असे की ती पाहून रोगाचे नाव सांगता येते. शाईचे थेंब कुठल्याही दाहात सापडतील. ही गाठ ऱ्हुमॅटिक तापाचीच खूण.

पण आशोफ यांना लाइपझिगचे मत तपासायचे होते. त्यांनी सुनाओ तावारा या तरुण जपानी वैद्याला कामाला लावले. तावारांनी शंभराहून अधिक हृदयांचे काप पाहिले. निष्कर्ष निराळाच आला. थकलेल्या हृदयांपैकी पुष्कळांत दाहाचा मागमूस नव्हता, किंवा असलाच तर तो हृदय बंद पाडण्याइतका नव्हता. ‘सर्व हृदयक्षीणतेचे मूळ दाहात’ हे मत तिथे कोसळले. याच कापांचा पाठपुरावा करताना तावारांना हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये संदेश नेणाऱ्या विशेष तंतूंची गाठ सापडली आणि १९०६ साली त्यांनी हृदयाच्या संदेशवहनाचा संपूर्ण मार्ग ग्रंथरूपाने मांडला. ठोक्यांचा आलेख वाचताना डॉक्टर आजही ज्या रचनेचा आधार घेतात, ती दाह शोधताना हाती आली.

अटलांटिकपलीकडे आणखी एक धागा विणला जात होता. ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी १९०९ साली ढेकणासारख्या किड्यातून पसरणारा एक नवा रोग वर्णिला; १९११ मध्ये गास्पार व्हियान्ना यांनी त्याचे परजीवी जंतू हृदयस्नायूच्या पेशीच्या आतच वाढताना दाखवले. दाहाचे कारण आणि दाह एकाच काचपट्टीवर, असा योग वैद्यकाच्या वाट्याला फार क्वचित येतो. व्हियान्ना १९१४ साली तिशीही न गाठता गेले.

सुकाळ आणि दुष्काळ

शास्त्रज्ञ काप मोजीत होते, तरी दवाखान्यांत शब्दाचा सुकाळच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत उतारवयातल्या माणसाला धाप लागली, पाय सुजले की ‘जुनाट मायोकार्डायटिस’ असे लिहून मोकळे होत. मृत्यूच्या दाखल्यांवरही तो भरपूर आढळे. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि त्याचे निदान जिवंतपणी करता येते हे दाखवले. पाठोपाठ हृदयाचा विद्युत आलेख आला, रक्तदाब मोजणे सर्वत्र झाले. ज्यांना मायोकार्डायटिस म्हटले जाई, त्यांतल्या बहुतेकांना रक्तवाहिन्यांचा किंवा रक्तदाबाचा विकार होता असे उघड झाले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. शब्द वापरणे हेच अडाणीपणाचे लक्षण ठरू लागले आणि खरा दाह असलेल्यांकडेही दुर्लक्ष होऊ लागले.

त्याला पुन्हा उभे केले ते शवविच्छेदनगृहाने. अमेरिकेत ओटो सॅफिर यांनी १९४१ साली २४० प्रकरणांचा आढावा छापला. १९४७ साली इरा गोर आणि सॅफिर यांनी अमेरिकी लष्कराच्या विकृतिशास्त्र संस्थेत जमा झालेल्या १४०२ प्रकरणांचे वर्गीकरण केले. त्यांत घटसर्प होता, स्क्रब टायफस होता, आणि कारण न सापडलेलीही प्रकरणे होती. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी या गावावरून नाव पडलेला विषाणू सापडला, आणि १९५६ मध्ये जोहान्सबर्गच्या नवजात बालकांतल्या मायोकार्डायटिसच्या साथीशी त्या कुळातल्या विषाणूचा संबंध दाखवला गेला. फीडलरच्या ‘कारण नसलेल्या’ दाहाला आता एक कारण मिळाले.

मात्र या सर्व अभ्यासात एक अडचण कायम होती. निदान पक्के व्हायचे ते रुग्ण गेल्यावर. भिंगाखालचे सत्य ज्याच्या उपयोगी पडायला हवे, तोच ऐकायला उरत नव्हता.

जिवंत हृदयाचा कण

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण चित्र काढून घेतले. वरिष्ठांनी नाके मुरडली. १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिथून वाट उघडली. १९६२ मध्ये टोकियोचे साकाकिबारा आणि कोन्नो यांनी नळीच्या टोकाला दोन लहान धारदार वाट्यांचा चिमटा बसवला. शिरेतून तो हृदयाच्या कप्प्यात न्यायचा, आतल्या भिंतीला टेकवून मिटायचा आणि एक-दोन मिलिमीटरचा कण घेऊन परत यायचे. छाती न उघडता जिवंत हृदयाचे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली आले.

ही युक्ती काही वर्षे तशी कोपऱ्यात राहिली. तिला गरजेचे बळ दिले ते हृदयरोपणाने. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले. रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. जगात तोवर अशा शस्त्रक्रिया एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या होत्या. शरीराने नवे हृदय नाकारण्याची वेळ येण्याआधी, काही तासांतच, तो रुग्ण गेला. पण जगभर जे रुग्ण पहिले दिवस तरले, त्यांच्यापुढे हाच यक्षप्रश्न होता. शरीर नवे हृदय नाकारते आहे की नाही? नाकारणे म्हणजे पांढऱ्या पेशींनी परक्या स्नायूवर चालून जाणे. भिंगाखाली ते चित्र दाहासारखेच. ते थांबवायला औषधे कमी पडली तर हृदय जाते, जास्त झाली तर जंतुसंसर्गाने माणूस जातो. आलेखावरून केलेला अंदाज पुरत नव्हता.

१९७० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप केव्ह्ज यांनी जपानी चिमटा सुधारून घेतला, मानेतल्या शिरेतून तो नेण्याची सोपी रीत बसवली आणि रोपण झालेल्या रुग्णांचे कण ठरावीक अंतराने घेणे सुरू केले. ते वाचण्याचे काम मार्गारेट बिलिंगहॅम यांचे. त्यांनी नकाराच्या पायऱ्या लावून दिल्या : किती पेशी, कुठे, आणि स्नायू मोडला आहे का. रोपण झालेल्या हृदयांत हात बसल्यावर त्याच मंडळींनी हा चिमटा मूळच्या, पण अचानक थकलेल्या हृदयांकडे वळवला. मायोकार्डायटिसचे निदान आता रुग्ण जिवंत असताना होणार होते.

सात तज्ज्ञ, एक काचपट्टी

पुढची काही वर्षे गोंधळाची गेली. एका केंद्रात अशा रुग्णांपैकी मोजक्यांच्याच कणांत दाह सापडे, तर दुसऱ्या केंद्रात निम्म्याहून अधिकांत. रोग गावोगाव इतका बदलत नाही; वाचणारे बदलत होते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत प्रसरण पावलेल्या हृदयाच्या सोळा रुग्णांचे काप सात अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे दाखवले. सोळांपैकी अकरा रुग्णांत कुणा ना कुणाला निश्चित किंवा संभाव्य मायोकार्डायटिस दिसला. पण एकाला दिसला तो दुसऱ्याला दिसेलच असे नव्हते. निरोगी हृदयातही तुरळक लिम्फोसाइट असतात. किती म्हणजे तुरळक? तंतूजवळचा निळा ठिपका पांढरी पेशी आहे, की आडवे कापले गेलेले दुसरेच एखादे केंद्रक? दोन रंगांत हे दर वेळी सुटत नाही.

म्हणून १९८४ मध्ये हृदयाचे आठ विकृतिशास्त्रज्ञ टेक्सासमधल्या डॅलस येथे बसले आणि त्यांनी निकष ठरवले. थॉमस अरेट्झ आणि सहकाऱ्यांच्या नावे ते १९८६-८७ मध्ये छापले गेले. त्यांचा आशय असा. मायोकार्डायटिस म्हणायचे तर दोन गोष्टी एकत्र हव्यात : हृदयस्नायूत दाहक पेशींचा शिरकाव, आणि त्यांच्या शेजारच्या तंतूंचा नाश किंवा ऱ्हास, शिवाय तो ऱ्हास रक्तपुरवठा तुटल्याने होतो तसा दिसता कामा नये. शिरकाव आहे पण मोडतोड नाही, तर ते ‘सीमेवरचे’ प्रकरण. मघाशी सांगितलेले व्हिर्शो आणि कोनहाइम इथे एका वाक्यात येऊन बसले. मोडतोडही हवी आणि गर्दीही हवी. सव्वाशे वर्षांच्या वादाला तोडगा निघाला तो असा, दोन्ही साक्षीदार बोलावून.

व्याख्येचा लाभ लगेच दिसला. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, जिचे फलित १९९५ साली प्रसिद्ध झाले, हृदय थकलेल्या २२३३ रुग्णांचे कण घेतले गेले. डॅलस निकषांनी त्यांपैकी २१४ जणांतच, म्हणजे दहांत एकाला, मायोकार्डायटिस ठरला. त्यांतल्या १११ जणांपैकी काहींना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देऊन पाहिली. औषध न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांचे हृदय अधिक सुधारले नाही, की मृत्यूही कमी झाले नाहीत. ‘दाह आहे तर स्टेरॉइड द्या’ हा सरळ वाटणारा हिशेब चुकला.

भात आणि खडा

हिशेब का चुकला याची कारणे अनेक. त्यांतले एक आपल्या म्हणीतच सापडते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. एक शीत मऊ म्हणजे भात झाला. पण भातात खडा आहे की नाही, हे एका शितावरून कळत नाही. हृदयातला दाह भाताच्या शिजण्यासारखा नसून खड्यासारखा आहे. तो इथे पुंजका, तिथे पुंजका असा विखुरलेला असतो. शिवाय चिमटा बहुधा उजव्या कप्प्याच्या आतल्या अस्तरातूनच कण आणतो. दाह पुष्कळदा डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला असतो, जिथवर तो पोचतच नाही.

याची मोजदाद १९८९ साली झाली. मायोकार्डायटिस सिद्ध झालेल्या मृत व्यक्तींच्या हृदयांतून नेहमीच्याच चिमट्याने कण काढून पाहिले. दाह नक्की आहे हे आधी माहीत होते. प्रश्न एवढाच की कणात तो सापडतो का. एकेका कणात तो चारांत एकदाच सापडला. पाचाहून अधिक कण घेतले तरी सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांतच निदान जमले. म्हणजे ‘कणात दाह आढळला नाही’ या अहवालाचा अर्थ ‘हृदयात दाह नाही’ असा होत नाही. ज्या घरातल्या माणसाच्या हाती असा अहवाल पडतो, त्याला हा फरक कुणी समजावून सांगितला पाहिजे.

२००६ साली अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ केनेथ बॉमन यांनी लेखाच्या शीर्षकातच डॅलस निकषांचा मृत्यू जाहीर केला. त्यांचे आक्षेप चार : कण चुकतो, वाचणारे एकमत होत नाहीत, विषाणू असूनही दाह दिसत नाही, आणि निकषांवरून उपचाराचा उपयोग वर्तवता येत नाही.

नवे रंग

तोवर नवे रंग आले होते. १९७५ साली केलर आणि मिल्स्टाइन यांनी हव्या त्या एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे बनवण्याची रीत काढली. अशा प्रतिपिंडाला रंग जोडला की काचपट्टीवर नेमकी तीच पेशी उठून दिसते. मग निळा ठिपका ‘बहुधा लिम्फोसाइट’ राहत नाही. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये आकडाच दिला : एका चौरस मिलिमीटरमध्ये किमान १४ पांढऱ्या पेशी, त्यांत टी-लिम्फोसाइट सात किंवा अधिक. जर्मनीत १८१ संशयित रुग्णांचा पाठपुरावा करून २००८ साली छापलेल्या अभ्यासात, पुढे रुग्णाचे काय होईल हे डॅलस निकषांवरून सांगता आले नाही. प्रतिपिंडांनी दाखवलेल्या दाहावरून मात्र अंदाज बांधता आला. त्याच कणात विषाणूचा जनुकीय अंश शोधण्याची सोयही झाली. तिथेही सावधपणा लागतो, कारण पार्व्हो बी-१९ सारखा विषाणू दाह नसलेल्या हृदयातही मुक्काम करून असलेला सापडतो. चोराच्या गावात राहणारा प्रत्येक जण चोर नसतो.

चुंबकीय प्रतिमांनी तर चिमटा न लावताच सगळ्या हृदयाची सूज दाखवायला सुरुवात केली. कॅनडातल्या लेक लुईस या ठिकाणाच्या नावाने ओळखले जाणारे तिचे निकष २००९ साली आले आणि २०१८ मध्ये सुधारले. भिंत किती सुजली, कुठे सुजली हे प्रतिमा सांगते. कोणत्या पेशी जमल्या आहेत हे मात्र ती सांगू शकत नाही.

ते सांगावे लागते अशी वेळ येते. हृदयदाहाचा एक दुर्मिळ प्रकार आहे, ज्यात अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी स्नायू भराभर फस्त करतात. १९९७ साली ६३ रुग्णांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न मिळालेले रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून मध्यमानाने तीन महिने जगले किंवा त्यांना नवे हृदय लागले. औषधांचा योग्य मेळ मिळालेल्यांना सुमारे वर्षभर मिळाले. या रोगात दाह दाट पसरलेला असल्याने कण सहसा चुकत नाही. म्हणून २००७ साली अमेरिकी आणि युरोपीय संस्थांनी एकत्र सांगितले की, दोन आठवड्यांच्या आत हृदय अचानक कोसळले आणि रक्ताभिसरण ढासळले, तर बायॉप्सी करावीच. जिथे भिंगाचे उत्तर उपचार बदलते, तिथे चिमट्याचा धोका पत्करण्यात अर्थ आहे.

आणि ज्या निकषांचा मृत्यू जाहीर झाला होता, ते कोविडमध्ये पुन्हा कामी आले. कोविडने गेलेल्यांच्या हृदयांत मायोकार्डायटिस सर्रास आहे अशी भीती पसरली होती. २०२१ साली २७७ शवविच्छेदनांचा आढावा घेण्यात आला. प्रकाशित लेखांत सुमारे सात टक्क्यांना मायोकार्डायटिस म्हटले होते. मोडतोड आणि गर्दी दोन्ही हवीत हा काटेकोर दंडक लावला, तेव्हा खरे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली असावे असे दिसले. तुरळक निळे ठिपके म्हणजे दाह नव्हे, हा डॅलसचा धडा पस्तीस वर्षांनीही तितकाच उपयोगी पडला.

श्रोतेहो, या इतिहासातून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शब्द सैल वापरला तेव्हा प्रत्येक म्हातारा मायोकार्डायटिसने मेला; शब्दाची धास्ती घेतली तेव्हा खरे रुग्ण निसटले; व्याख्या केली तेव्हा कळले की व्याख्येत न बसणारे पुष्कळ उरते. तरी व्याख्या केल्यावाचून ही उणीवही ध्यानात आली नसती. सूक्ष्मदर्शकाने ‘आहे’ म्हटले तर ते मानावे. ‘नाही’ म्हटले, तर ‘या कणात नाही’ एवढेच ऐकावे आणि रोग्याकडे पुन्हा वळावे. त्याची धाप, त्याचा आलेख, त्याची प्रतिमा, आणि त्याच्या घरच्यांनी सांगितलेली हकीकत, ही सारी त्याच भाताची आणखी शिते आहेत. ती जितकी अधिक तपासू, तितका खडा दाताखाली येण्याआधी सापडण्याचा संभव अधिक.